शाळेतील मुलांची वाढ आणि आरोग्य : नव्या वर्गशिक्षकासाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाच्या हाती जूनमध्ये जी रजिस्टरे येतात, त्यांत मुलांच्या उंची-वजनाच्या नोंदीचे एक असतेच, आणि बहुतेक ठिकाणी ते एखाद्या दुपारी घाईने भरून कपाटात ठेवले जाते. भरलेल्या आकड्यांचे पुढे काय करायचे, हे फारसे कोणी सांगत नसल्यामुळे ते काम निरर्थक वाटू लागते. प्रत्यक्षात मुलांच्या प्रकृतीबद्दल शाळेला जे काही कळू शकते, त्यातला मोठा भाग या दोन आकड्यांतून कळतो. मात्र ते नीट मोजलेले असावेत, मुलाच्या नेमक्या वयाशी ताडून पाहिलेले असावेत आणि मुख्य म्हणजे एकापेक्षा अधिक वेळा घेतलेले असावेत. एकदा घेतलेल्या मापातून मूल किती उंच आहे एवढेच समजते. ते वाढते आहे की त्याची वाढ अडली आहे, हे दुसऱ्या मोजणीवाचून समजत नाही. निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. खरे माप घेणे, शंका आल्यास मुलाला योग्य ठिकाणी पाठवणे आणि ते तिथे पोहोचले की नाही हे पाहणे, एवढे त्याने केले तरी पुरे. पण यातले तिसरे काम सर्वांत जास्त वेळा राहून जाते, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

पायरी १ : कोणत्या वयात किती वाढ अपेक्षित आहे, हे समजून घ्या

पहिलीत येणारे मूल तान्हेपणातल्या झपाट्याच्या वाढीतून बाहेर पडलेले असते. सहा ते दहा वर्षांच्या दरम्यान उंची वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर आणि वजन साधारण २ ते ३ किलो वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या संदर्भ तक्त्यांत सहा वर्षांच्या मुलग्याची मध्यम उंची सुमारे ११६ सेंटिमीटर, तर दहा वर्षांच्या मुलग्याची सुमारे १३८ सेंटिमीटर दिलेली आहे. म्हणजे चार वर्षांत २२ सेंटिमीटर. वाढ इतकी संथ असल्यामुळे ती रोज पाहणाऱ्या आईलाही जाणवत नाही, आणि ती थांबली तर तेही जाणवत नाही. वयात येण्याच्या थोडे आधी हा वेग आणखी मंदावतो आणि त्यानंतर मुलींची उंची वर्षाला ८ सेंटिमीटरच्या आसपास, तर मुलग्यांची ९ ते १० सेंटिमीटरपर्यंत वाढण्याचा काळ येतो.

मुलींमध्ये हा काळ मुलग्यांपेक्षा साधारण दोन वर्षे आधी येत असल्यामुळे सहावी-सातवीच्या वर्गात मुली मुलग्यांपेक्षा उंच दिसतात, आणि आपला मुलगा खुरटला की काय, अशी शंका पालकसभेत हमखास निघते. अशा वेळी घाबरण्याचे कारण नसते. मुलींमध्ये वयात येण्याची पहिली खूण, म्हणजे स्तनांची वाढ, आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान दिसू लागते. मुलग्यांमध्ये हे बदल नऊ ते चौदा वर्षांच्या दरम्यान सुरू होतात. यापेक्षा लवकर किंवा उशिरा घडत असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सांगावे. पाळी बहुधा पहिल्या खुणेनंतर दोन ते अडीच वर्षांनी येते आणि तोपर्यंत उंचीची झपाट्याची वाढ बरीचशी होऊन गेलेली असते. म्हणून पाळी सुरू झालेल्या मुलीसाठी उंची वाढवण्याची महागडी पावडर आणणाऱ्या पालकांना ते पैसे दूध, डाळ आणि अंड्यांवर खर्च करायला सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायरी २ : काटा आणि भिंत तयार करा

वजनकाटा नेहमी पक्क्या, सपाट फरशीवर ठेवावा. सतरंजीवर किंवा उखडलेल्या कोब्यावर ठेवलेला काटा चुकीचे वजन दाखवतो. मोजणीच्या दिवशी सकाळी गावातल्या किराणा दुकानातून शासकीय शिक्का असलेली पाच-पाच किलोची दोन मापे आणून काटा बरोबर १० किलो दाखवतो का, ते तपासावे. काटा चुकत असेल, तर आकड्यांत मनाने दुरुस्ती न करता काटाच बदलून घ्यावा. जवळचे आरोग्य उपकेंद्र किंवा अंगणवाडी यांच्याकडून तो एका दिवसासाठी सहज मिळतो.

उंचीसाठी उंचीमापक नसेल, तर भिंतही चालते. पण ती सरळ असावी आणि तिच्या तळाशी पुढे आलेली पट्टी नसावी, कारण पट्टी असली की टाच भिंतीला टेकत नाही. शिंप्याची कापडी टेप कालांतराने ताणली जाते, म्हणून धातूची टेप घेऊन तिचा शून्य जमिनीला अचूक लावून चिकटवावी. डोक्यावर ठेवण्यासाठी काटकोनी लाकडी ठोकळा हवा. पट्टी किंवा वही हाताने आडवी धरली की ती तिरकी होतेच, आणि एवढ्याने एक-दोन सेंटिमीटरचा फरक पडतो.

पायरी ३ : मोजणी शांतपणे आणि प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने करा

मुलाचे बूट आणि मोजे काढावेत. मुलींची वेणी किंवा अंबाडा डोक्याच्या वरच्या बाजूस असेल, तर तो सोडावा. मूल भिंतीला पाठ लावून उभे राहील, दोन्ही टाचा जुळलेल्या असतील आणि टाचा, नितंब, खांद्यांची पाती व डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकलेली असेल, असे पाहावे. अंगाने भरलेल्या मुलाचे हे चारही भाग एकाच वेळी टेकत नाहीत. अशा वेळी त्याला ढकलू नये, जे टेकतात ते टेकू द्यावेत. नजर सरळ समोर असावी, म्हणजे डोळ्याच्या खोबणीची खालची कडा आणि कानाचे छिद्र एका आडव्या रेषेत येतात. उंच दिसण्यासाठी मुले हनुवटी वर उचलतात आणि त्यामुळे उंची उलट कमी भरते. मुलाला दीर्घ श्वास घ्यायला सांगून, ठोकळा केस दाबले जातील इतपत खाली आणावा आणि आपले डोळे ठोकळ्याच्या पातळीवर आणूनच आकडा वाचावा. उंची मिलिमीटरपर्यंत लिहावी, म्हणजे १२४ नव्हे, तर १२४.३. माप दोनदा घ्यावे आणि दोन्हींत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर तिसऱ्यांदा घ्यावे.

एवढी काटेकोरी कशासाठी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. मूल वर्षाला पाचच सेंटिमीटर वाढत असेल, तर एका सेंटिमीटरची चूक म्हणजे अडीच महिन्यांच्या वाढीची चूक होते. त्यातच दिवसभर उभे राहून आणि खेळून मणक्यांमधल्या चकत्या दबत असल्यामुळे संध्याकाळची उंची सकाळपेक्षा सुमारे एक सेंटिमीटरपर्यंत कमी भरू शकते. म्हणून सर्व मोजण्या शक्यतो एकाच वेळी, परिपाठानंतर लगेच कराव्यात. वजन करताना स्वेटर, दप्तर आणि खिशातल्या गोट्यांसारख्या वस्तू बाजूला ठेवायला लावून मूल केवळ गणवेशावर असावे. जेवणानंतर वजन घेऊ नये.

मोजणी वर्गासमोर रांग लावून करू नये आणि आकडा मोठ्याने वाचू नये. आकडा ओरडून सांगायचा आणि दुसऱ्याने लिहायचा, ही सोयीची पद्धत सर्वत्र रूढ आहे. पण जाड किंवा बुटक्या मुलाला त्या दिवशी चिकटलेले टोपणनाव शाळा सुटेपर्यंत पुसले जात नाही. पडदा लावलेला कोपरा किंवा रिकामी वर्गखोली वापरावी, मुलींच्या मोजणीसाठी शिक्षिका किंवा आरोग्यसेविका असावी आणि आकडा हळू आवाजात सांगून लिहून घ्यावा.

पायरी ४ : वय महिन्यांपर्यंत काढा

तिसरीतल्या सर्व मुलांना आठ वर्षांची धरणे ही अगदी नेहमीची चूक आहे. एकाच वर्गात सव्वासात आणि सव्वानऊ वर्षांची मुले असू शकतात, आणि त्यांच्या अपेक्षित उंचीत सुमारे १० सेंटिमीटरचे अंतर असते. म्हणून मोजणीच्या तारखेपासून जन्मतारीख वजा करून पूर्ण झालेली वर्षे आणि महिने लिहावेत. जन्मतारीख जनरल रजिस्टरमधून घेताना एक सावधगिरी बाळगावी. महाराष्ट्रातल्या कित्येक आजी-आजोबांचा कागदोपत्री वाढदिवस १ जून असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने तीच तारीख लिहिलेली असते. जन्मनोंदणी वाढल्यापासून हे प्रमाण खूप घटले असले, तरी स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांच्या बाबतीत अशी अंदाजाची तारीख आजही आढळते. शंका आल्यास जन्मदाखला किंवा लसीकरणाचे कार्ड मागावे, आणि तेही नसेल, तर नोंदीसमोर ‘वय अंदाजे’ असे स्पष्ट लिहावे.

पायरी ५ : आकडे तक्त्यावर मांडा

शालेय वयासाठी दोन तक्ते प्रचलित आहेत. पहिला जागतिक आरोग्य संघटनेचा २००७ मधला, ५ ते १९ वर्षे वयासाठीचा. दुसरा भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचा २०१५ मधला, ५ ते १८ वर्षे वयासाठीचा. या दुसऱ्या तक्त्याच्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांचा पुढाकार होता आणि तो भारतीय मुलांच्या मोजमापांवर आधारलेला आहे. दोन्हींत मुलगे आणि मुली यांचे तक्ते वेगळे असतात. कोणताही एक तक्ता निवडावा आणि वर्षानुवर्षे तोच वापरावा. यंदा एक आणि पुढच्या वर्षी दुसरा वापरला, तर मुलाची रेषा नसलेली वळणे घेताना दिसते.

उंची वयाच्या तक्त्यावर थेट मांडता येते. नुसत्या वजनाचा तक्ता मात्र जागतिक आरोग्य संघटनेने दहा वर्षांपर्यंतच दिलेला आहे, कारण त्यानंतर वाढलेले वजन उंची वाढल्यामुळे आहे की चरबी वाढल्यामुळे, हे त्यावरून ओळखता येत नाही. त्यासाठी बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय काढावा लागतो. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. समजा, ९ वर्षे ४ महिन्यांच्या मुलीची उंची १२८ सेंटिमीटर आणि वजन २४ किलो आहे. १.२८ ला १.२८ ने गुणले की सुमारे १.६४ येतात आणि २४ ला त्याने भागले की १४.६ येतात. हाच आकडा मोबाइलवरच्या एखाद्या साध्या ॲपमध्ये टाकला, तर १८.५ पेक्षा कमी असल्यामुळे ते तिला ‘कमी वजन’ ठरवील; पण ही मर्यादा प्रौढांची आहे. मुलींच्या तक्त्यावर त्या वयाला १४.६ हा आकडा सामान्य पट्ट्यातच येतो. लहान मुलांसाठी प्रौढांचा बीएमआय वापरणे हा या कामातला सर्वांत घातक शॉर्टकट आहे, आणि त्यामुळे निम्म्या वर्गाच्या पालकांना उगाच धास्तावणारी चिठ्ठी जाऊ शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर मधल्या रेषेच्या वर अधिक एक, अधिक दोन आणि खाली वजा एक, वजा दोन, वजा तीन अशा रेषा असतात; मूल त्या वयाच्या मध्यापासून किती दूर आहे, हे त्या दाखवतात. वयानुसार उंची वजा दोनच्या रेषेखाली असेल, तर मूल खुजे समजले जाते. बीएमआय वजा दोनच्या खाली असेल, तर ते कृश आणि वजा तीनच्या खाली असेल, तर अतिकृश समजले जाते. बीएमआय अधिक एकच्या वर असेल, तर जादा वजन आणि अधिक दोनच्या वर असेल, तर लठ्ठपणा समजतात. भारतीय तक्त्यात जादा वजन आणि लठ्ठपणा यांच्या रेषा प्रौढ वयातल्या २३ आणि २७ या बीएमआयशी जुळवून मुद्दाम खाली घेतलेल्या आहेत, कारण आपल्याकडे मधुमेह आणि रक्तदाबाचा धोका कमी बीएमआयपासूनच सुरू होतो. शहरी आणि निमशहरी शाळांत मी हाच तक्ता सुचवीन.

पायरी ६ : दुसरी मोजणी ठरवूनच टाका

पहिली मोजणी जून-जुलैत होते. दुसरी निदान सहा महिन्यांनी व्हावी, कारण त्याआधी झालेली वाढ मापातल्या चुकीत हरवून जाते. येथे महाराष्ट्रापुरती एक अडचण लक्षात घ्यावी लागते. बीड, अहिल्यानगर, जालना यांसारख्या जिल्ह्यांत दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबे साखर कारखान्यांच्या पट्ट्यात निघून जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. जानेवारीची मोजणी झाली की नेमकी तीच मुले पटावर असूनही तिथे नसतात. अशा गावांत एक मोजणी शाळा उघडताच आणि दुसरी कुटुंबे निघण्यापूर्वी घ्यावी, हे अंतर कमी भरते म्हणून तिच्यावरून निष्कर्ष काढू नये आणि खरी तुलना पुढच्या जूनच्या आकड्याशी करावी. हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलांची मोजणी वर्षाच्या मध्यातही करता येते.

दोन मोजण्या हाती आल्या की वेग काढता येतो. सहा वर्षांनंतर आणि वयात येण्यापूर्वी वर्षाला ४ सेंटिमीटरपेक्षा कमी वाढणारे मूल तक्त्यावर कितीही ‘ठीक’ जागी असले, तरी डॉक्टरांना दाखवायला हवे. मुलाचा बिंदू एका रेषेवरून खालची रेषा ओलांडून गेला किंवा वजन वाढत असताना उंची जवळपास थांबली, तरी तेच करावे. वजन वाढणे आणि उंची थांबणे ही जोडी थायरॉइड मंदावल्याची खूण असू शकते. उलट सुरुवातीपासून खालच्या रेषेवर असलेले, पण दर वर्षी त्याच रेषेला धरून पाच सेंटिमीटर वाढणारे मूल बहुधा निरोगी असते.

आई-वडिलांच्या उंचीवरून मुलाची संभाव्य उंची काढता येते. मुलग्यासाठी दोघांच्या उंचीच्या बेरजेत १३ सेंटिमीटर मिळवून निम्मे करावे, मुलीसाठी १३ वजा करून निम्मे करावे. वडील १६५ आणि आई १५० सेंटिमीटर असेल, तर मुलग्यासाठी १६४ आणि मुलीसाठी १५१ हा मध्य येतो आणि त्याच्या वर-खाली सुमारे आठ सेंटिमीटरची मोकळीक धरतात. मात्र ‘आमचे घराणेच बुटके’ या वाक्यावर विसंबून राहू नये. आई-वडीलच बालपणी अर्धपोटी वाढलेले असतील, तर त्यांची उंची हा वंशाचा पुरावा ठरत नाही.

पायरी ७ : मोजपट्टीला न दिसणाऱ्या गोष्टी पाहा

डोळ्यांची प्राथमिक तपासणी शिक्षकाला करता येते. पुरेशा उजेडात ६ मीटरवर, म्हणजे सुमारे २० फुटांवर तक्ता लावून, एकेक डोळा तळहाताने झाकून वाचायला सांगावे. बोटांनी डोळा दाबू देऊ नये, कारण मग थोडा वेळ अंधूक दिसते. अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या ‘ई’ आकाराचा तक्ता असतो. ६/९ ची ओळ (निरोगी डोळ्याला ९ मीटरवरून वाचता येणारी) एका जरी डोळ्याने वाचता आली नाही, तरी नेत्रतपासणीसाठी पाठवावे. फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारे मूल आळशी ठरवण्यापूर्वी ही तपासणी करावी. रोज दोन तास बाहेरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांमध्ये लघुदृष्टीचे, म्हणजे दूरचे अंधूक दिसण्याचे, प्रमाण कमी राहते, त्यामुळे खेळाचा तास गणितासाठी घेणाऱ्या सहकाऱ्याला हे अवश्य सांगावे.

हाक मारल्यावर न वळणारे किंवा ज्याचा कान वारंवार फुटतो असे मूल कानाच्या तपासणीसाठी पाठवावे. कानात कोमट तेल घालण्याचा सल्ला देऊ नये. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता, पहिली कायमची दाढ येते. ती दुधाचीच समजून पालक तिच्या किडीकडे काणाडोळा करतात आणि ती गेली की पुन्हा येत नाही. मानेच्या मागे आणि काखेत काळपट, जाडसर, मखमलीसारखी त्वचा दिसली, तर तो मळ नसतो. आया ती वजरीने घासून घासून लाल करतात, पण ती बहुधा जादा वजनाच्या मुलांमध्ये शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्याची खूण असते.

शिकण्याच्या अडचणींबाबत घाई आणि चालढकल दोन्ही टाळावी. बोलण्यात आणि खेळण्यात तल्लख असलेले मूल तिसरीपर्यंतही अक्षरे उलटसुलट लिहीत असेल, वाचताना ओळ गाळत असेल किंवा हातच्याचे गणित त्याला काही केल्या जमत नसेल, तर अध्ययन अक्षमतेची शक्यता असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये तिचा समावेश आहे, त्यामुळे रीतसर तपासणीनंतर परीक्षेत सवलती मिळू शकतात. त्याआधी दृष्टी आणि श्रवण तपासून घेणे आवश्यक आहे. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताने लिहायला लावू नये. एरवी बोलके असणारे मूल अचानक गप्प होणे, शाळा टाळणे किंवा शरीरावर न पटणाऱ्या कारणांच्या जखमा दिसणे, हे तर तत्काळ लक्ष देण्याचे विषय आहेत. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकांवर विनामूल्य मिळते; हे दोन्ही क्रमांक वर्गात भिंतीवर लिहून ठेवावेत.

पायरी ८ : गोळ्यांचे दिवस नीट पार पाडा

राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो आणि तो साधारणपणे फेब्रुवारी व ऑगस्टमध्ये येतो. शाळेतल्या प्रत्येक मुलाला अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी शिक्षकासमोर चावून खायला द्यायची असते. घरी नेण्यासाठी हातात देऊ नये. त्या दिवशी आजारी असलेल्या मुलाला ती न देता नंतरच्या ठरलेल्या दिवशी द्यावी. पोटात जंत जास्त असलेल्या मुलांना गोळीनंतर थोडी मळमळ किंवा पोटदुखी होऊ शकते. एका मुलाला उलटी झाली की दहा जणांना मळमळू लागते, म्हणून त्रास होणाऱ्या मुलाला बाजूला सावलीत बसवावे, पाणी द्यावे आणि आरोग्यसेविकेला कळवावे.

लोहगोळी आठवड्यातून एकदा द्यायची असते. पाच ते नऊ वर्षांसाठी ४५ मिलिग्रॅम लोह असलेली गुलाबी गोळी असते, दहा ते एकोणीस वर्षांसाठी ६० मिलिग्रॅम लोह असलेली निळी. ती पोषण आहारानंतरच द्यावी, उपाशीपोटी नव्हे. शौचाला काळे होईल, हे आधीच सांगून ठेवावे. न सांगितल्यास दुसऱ्या दिवशी पालक काळजीने शाळेत येतात आणि पुढच्या आठवड्यापासून मुले गोळी खिडकीबाहेर टाकू लागतात. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, कारण चहा लोह शोषू देत नाही. लिंबू, आवळा किंवा पेरू मात्र मदत करतात. नंदुरबार, पालघर, गडचिरोली यांसारख्या आदिवासीबहुल भागांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांना लोहगोळी वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारूनच द्यावी. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस असते, तिची नोंदही याच रजिस्टरमध्ये करावी.

पायरी ९ : ताट, खेळ, झोप आणि दप्तर

प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने देणारा आहार अपेक्षित आहे. हे दिवसाचे पूर्ण अन्न नव्हे. सकाळी नुसत्या चहा-खारीवर आलेले मूल दुपारपर्यंत रिकाम्या पोटी असते आणि परिपाठात चक्कर येऊन पडणारी मुले बहुधा हीच असतात. आठवड्यातून एकदा ‘आज सकाळी काय खाल्ले?’ असे सहज विचारून नोंद ठेवली, तर कृश मुलांच्या यादीचे निम्मे स्पष्टीकरण तिथेच मिळते. शिळी भाकरी आणि दूध, भिजवलेले शेंगदाणे आणि गूळ, उकडलेले अंडे, मोडाची मटकी हे उपाय कोणत्याही खेड्यात परवडणारे आहेत. शाळेच्या दारापासून ५० मीटरच्या आत जादा मीठ, साखर आणि चरबी असलेले पदार्थ विकण्यास २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई केलेली आहे, आणि १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीस त्याहून आधीपासून मनाई आहे. दोन्ही गोष्टी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडून इतिवृत्तात घ्याव्यात. मिशरीने दात घासणाऱ्या घरांतल्या मुलांना ती तंबाखूच आहे, हे स्वतंत्रपणे सांगावे लागते.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप आणि किमान ६० मिनिटे दमवणारी हालचाल हवी. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा जड नसावे. वर उल्लेखलेल्या २४ किलोच्या मुलीचे दप्तर २.४ किलोच्या आत हवे. काटा वर्गात आहेच, तर त्याच दिवशी दप्तरेही त्यावर ठेवावीत.

पायरी १० : पाठवा आणि पाठपुरावा करा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच पालघर येथून झाली. त्याच्या फिरत्या पथकात डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका असतात आणि ते शाळेत वर्षातून एकदा येऊन जन्मजात व्यंग, पोषक घटकांची कमतरता, आजार आणि विकासातील विलंब या चार गोष्टींसाठी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते. पथक पटावरचे शंभर-दीडशे विद्यार्थी एका दिवसात पाहते, त्यामुळे प्रत्येकाला काही मिनिटेच मिळतात. वर्गशिक्षकाने आधीच्या पायऱ्यांवरून शंका असलेल्या मुलांची यादी, मागच्या मोजण्यांसह, पथकाच्या हाती दिली, तर त्या मिनिटांचा खरा उपयोग होतो. तपासणीनंतरचे उपचार, गरज असल्यास हृदयाच्या शस्त्रक्रियेसह, या कार्यक्रमात मोफत मिळतात.

काही मुलांसाठी मात्र पथकाची वाट पाहू नये. वारंवार लघवीला जाणारे, सतत पाणी पिणारे आणि तरीही वाळत चाललेले मूल त्याच दिवशी दवाखान्यात जायला हवे, कारण तो बालवयातला मधुमेह असू शकतो आणि काही दिवसांत मूल बेशुद्ध होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा ताप आणि सोबत घटणारे वजन असेल, तर क्षयाची तपासणी व्हावी. धावल्यावर ओठ निळे पडणारे किंवा वर्गात टक लावून क्षणभर हरवणारे मूल याच यादीत येते.

संदर्भ चिठ्ठी दिली म्हणजे मूल दवाखान्यात गेले, असे समजू नये. जिल्ह्याच्या गावी जाणे म्हणजे आईची एक दिवसाची मजुरी बुडणे, एसटीचे भाडे आणि रुग्णालयात कोणत्या खिडकीवर जायचे ही धास्ती. पालकांना दोष देण्यापेक्षा चिठ्ठीवर दिवस, विभाग आणि जाण्याची वेळ लिहून द्यावी, आशाताईंना सोबत जाण्याची विनंती करावी आणि एकाच वाडीतल्या दोन-तीन मुलांना एकत्र पाठवावे. पंधरा दिवसांनी फोन करून काय झाले ते विचारावे आणि रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात ‘पाठवले’ एवढेच न लिहिता ‘दाखवले, चष्मा मिळाला’, ‘दाखवले, पुन्हा तीन महिन्यांनी’ किंवा ‘गेले नाहीत, कारण मजुरी’ असे लिहावे. तिसऱ्या प्रकारची नोंद असलेल्या मुलांची यादी पुढच्या भेटीत पथकाला आणि मासिक बैठकीत केंद्रप्रमुखांना द्यावी.

पाचवी किंवा सातवी संपून मूल दुसऱ्या शाळेत जाते, तेव्हा शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर त्याच्या सर्व मोजण्यांचे पान झेरॉक्स काढून द्यावे आणि मूळ पान शाळेतच ठेवावे. पान देताना कोणता तक्ता वापरला, मोजणी कोणत्या महिन्यांत झाली आणि जन्मतारीख कशावरून घेतली, या तीन गोष्टी त्यावर लिहिलेल्या असाव्यात, म्हणजे नव्या वर्गशिक्षकाला पुढचा बिंदू त्याच रेषेवर मांडता येईल.